मालदीवला निघण्यापूर्वीची तयारी

मालदीवच्या सहलीची तयारी विमानाच्या वेळेपासून सुरू करावी. बॅगेचा विचार त्यानंतर. या देशात सुमारे १,२०० बेटे आहेत आणि बहुतेक रिसॉर्ट ‘एक बेट, एक रिसॉर्ट’ या पद्धतीने वसलेली आहेत, त्यामुळे राजधानी मालेच्या वेलाना विमानतळावर उतरल्यानंतरही प्रवास संपलेला नसतो. जवळच्या बेटांवर स्पीडबोट जाते. दूरच्या बेटांसाठी बहुधा सीप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारे छोटे विमान, घ्यावे लागते आणि ते केवळ दिवसाउजेडी उडते. दुपारी साडेतीननंतर माले गाठणाऱ्याला त्या दिवशी सीप्लेन मिळण्याची आशा फारशी धरता येत नाही. मग जवळच्या हुलहुमाले बेटावरील एखाद्या हॉटेलात रात्र काढावी लागते आणि रिसॉर्टमधील त्या रात्रीचे पैसे मात्र भरलेले असतात. मुंबईहून जाणारे विमान किती वाजता पोहोचते आणि परतीचे किती वाजता सुटते, हे रिसॉर्टला कळवून त्यांचे उत्तर आल्यावरच तिकीट काढावे. सीप्लेनमध्ये साधारणपणे २० किलोची बॅग आणि हातातले ५ किलो सामान चालते, तेव्हा घरीच वजन करून घेतलेले बरे.

भारतीय पासपोर्टधारकांना विमानतळावर पर्यटन व्हिसा विनाशुल्क मिळतो. त्यासाठी परतीचे तिकीट आणि राहण्याचे आरक्षण यांच्या छापील प्रती जवळ ठेवाव्यात. पोहोचण्याआधीच्या ९६ तासांत ‘इमुगा’ या सरकारी संकेतस्थळावर प्रवासाची माहिती भरावी लागते. हा अर्ज पूर्णपणे मोफत आहे, म्हणून त्यासाठी पैसे मागणाऱ्या संकेतस्थळापासून दूर राहावे. खोलीचा भाव विचारताना तो सर्व करांसह आहे का, हे स्पष्ट करून घ्यावे: जुलै २०२५ पासून पर्यटनावरील वस्तू व सेवा कर १७ टक्के आहे, त्यावर १० टक्के सेवा शुल्क आणि रिसॉर्टमध्ये माणशी दररात्री १२ डॉलरचा हरित कर येतो. सीप्लेनचे भाडे बहुधा वेगळे असते. रिसॉर्टच्या बेटावर बाहेरचे दुसरे उपाहारगृह किंवा वाण्याचे दुकान नसते. म्हणून जेवणाचा समावेश असलेले आरक्षण निवडणे कुटुंबासाठी शहाणपणाचे ठरते.

बॅग भरताना कायद्याकडे दुर्लक्ष करू नये. मद्य, डुकराचे मांस आणि व्हेप (ई-सिगारेट) देशात आणता येत नाहीत. पूजेच्या मूर्ती आणण्यासही मनाई आहे, आणि आपल्याकडे पर्समध्ये किंवा गाडीच्या किल्लीला छोटा गणपती अडकवण्याची सवय असल्यामुळे हे मुद्दाम सांगावेसे वाटते. मूर्ती घरी देव्हाऱ्यात ठेवून निघावे. स्थानिक लोकवस्तीच्या बेटावर गेस्टहाउसमध्ये राहणार असाल, तर तेथे मद्य मिळत नाही आणि नेमून दिलेल्या किनाऱ्याखेरीज इतरत्र खांदे व गुडघे झाकणारे कपडे घालावे लागतात.

आता पाण्याविषयी, कारण इतका खर्च करून जायचे ते त्यासाठीच: डोळे-नाक झाकणारा मास्क आणि तोंडात श्वासाची नळी लावून, पालथे तरंगत पाण्याखालचे पाहायचे, म्हणजेच स्नॉर्केलिंग करायचे. निघण्यापूर्वी निदान महिनाभर जवळच्या पोहण्याच्या तलावात तरंगण्याचा आणि तोंडाने संथ श्वास घेण्याचा सराव करावा. माझ्या आईला पोहता येत नाही. तरीही तिने मास्क आणि नळी लावून, फुगवलेली रिंग दोन्ही हातांनी धरून, कंबरभर पाण्यात फक्त चेहरा बुडवला आणि पंधरा मिनिटे मान वर केली नाही. खाली पोपटमासा पोवळ्याचा तुकडा चोचीने कुरतडत होता आणि तो कुरकुर आवाज तिला पाण्यातून स्पष्ट ऐकू येत होता. तिने आदल्या महिन्यात तरंगण्याचा सराव केला नसता, तर तिला हे कधीच दिसले नसते.

मास्क शक्यतो स्वतःचा न्यावा. तो घेताना पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवावा आणि नाकाने हलकेच श्वास आत घ्यावा. हात सोडूनही तो चिकटून राहिला, तरच तो आपल्या मापाचा. मिशी असल्यास वरच्या ओठावर थोडे व्हॅसलीन लावावे, नाहीतर तेथून पाणी शिरते. नव्या काचेवर धुके धरू नये म्हणून आतून साधी टूथपेस्ट चोळून ती नीट धुवावी. पहिल्या दिवशी उतरताना रिसॉर्टच्या डायव्हिंग केंद्रात त्या दिवसाचा प्रवाह कोणत्या दिशेला आहे हे विचारावे, प्रवाहाच्या विरुद्ध पोहायला सुरुवात करावी म्हणजे थकल्यावर परतणे सोपे जाते, आणि लाइफ जॅकेट घालण्यात कमीपणा मानू नये. पोवळ्यावर मात्र कधीही उभे राहू नये. ते दगडासारखे दिसले तरी सजीव आहे. गोलाकार जातीचे पोवळे वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढते, आणि १९९८ व २०१६ साली समुद्र तापल्यामुळे येथील पोवळ्यांनी आपल्यातील शेवाळ गमावून मोठ्या प्रमाणावर पांढरे पडण्याचा आघात सोसला आहे. आपल्या एका पावलाने त्यात भर पडता कामा नये.

उन्हासाठी सनस्क्रीनपेक्षा लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट अधिक भरवशाचा, कारण विषुववृत्ताजवळच्या उन्हात पालथे तरंगताना पाठ अर्ध्या तासात भाजते. शिवाय तेलकट लेप पोवळ्यांवर उतरत नाही. टाचेला धरणारे पाण्यातले बूट, तीन चौकोनी पिनांचा अडॅप्टर, बोट लागण्याची गोळी, कानाचे थेंब, जखमेचे मलम आणि नेहमीच्या औषधांचा पुरेसा साठा डॉक्टरांच्या चिठ्ठीसह घ्यावा. शाकाहारी असल्यास आरक्षणाच्या वेळीच कळवावे. नाश्त्याचा मासहुनी हा टूना आणि खवलेल्या नारळाचा पदार्थ, आणि इतर अनेक खाण्यांतही मासळी असते.

हवामानाबाबत एवढेच, की डिसेंबर ते एप्रिल हा कोरडा काळ शांत समुद्राचा. मांटा रे हा पंखांसारखे रुंद पर असलेला मोठा मासा पाहण्याची ओढ असेल, तर मात्र पावसाळ्यातच जावे: बा अॅटोल या कंकणाकृती प्रवाळ बेटसमूहातील हनिफारू उपसागरात जून ते नोव्हेंबरदरम्यान ते अन्नासाठी जमतात, आणि तेथे फक्त स्नॉर्केलिंगची परवानगी आहे.

मुलांशी एक गोष्ट घरीच ठरवून घ्यावी: किनाऱ्यावरचे शंख पाहायचे, हातात घ्यायचे आणि तेथेच ठेवायचे, कारण रिकामा दिसणारा शंख पुष्कळदा एखाद्या खेकड्याचे घर असतो आणि पोवळ्याचा तुकडा देशाबाहेर नेण्यास बंदी आहे. पाठीला हवेची टाकी लावून खोल डुबकी मारणार असाल, तर शेवटची डुबकी आणि परतीचे विमान यांत पूर्ण दिवसाचे अंतर ठेवावे, कारण डुबकीनंतर लगेच उड्डाण शरीराला धोक्याचे असते. त्या शेवटच्या दिवसासाठी एखादे पुस्तक बॅगेत टाकावे.