विक्काची जुनी वही पुन्हा उघडताना

निसर्गपूजा आणि जादूचे विधी मानणाऱ्या विक्का धर्माशी ओळख बहुधा कोवळ्या वयात, एखाद्या छोट्या पुस्तकातून होते आणि वाचलेले सगळे सारख्याच श्रद्धेने वहीत उतरवले जाते. पुढे ती वही चाळताना संकोच वाटला, तरी ती फाडू नये. तिच्यातले प्रत्येक विधान इतिहासाबद्दल आहे, नीतीबद्दल आहे की विधी करताना आलेल्या अनुभवाबद्दल, हे आधी ठरवावे. कारण या तिन्हींची कसोटी वेगवेगळी आहे.

इतिहासापासून सुरुवात करणे सोयीचे, कारण तेथे पुरावे तपासता येतात. विक्का हा ख्रिस्ती धर्माच्याही आधीपासून गुप्तपणे टिकून राहिलेला धर्म आहे, असे वाक्य बहुतेक वह्यांच्या पहिल्याच पानावर सापडते. चेटकीण म्हणून खटले भरले गेलेले लोक एका प्राचीन, संघटित धर्माचे अनुयायी होते, हा सिद्धांत ब्रिटिश अभ्यासक मार्गारेट मरे यांनी 1921 मध्ये मांडला. मलायात जकात अधिकारी राहिलेले जेराल्ड गार्डनर यांनी त्याच धर्माच्या उरलेल्या मंडळाकडून 1939 मध्ये इंग्लंडमधील न्यू फॉरेस्ट परिसरात दीक्षा घेतल्याचे सांगितले आणि जादूटोण्याविरुद्धचा 1735 चा कायदा 1951 मध्ये रद्द झाल्यानंतर, 1954 मध्ये, त्यावर पुस्तक लिहिले. मरे यांचा सिद्धांत इतिहासकारांनी नाकारला आहे, आणि विक्का विसाव्या शतकात कर्मकांडी जादू, फ्रीमेसनरी (गुप्त विधी असलेला एक बंधुसंघ), लोककथा व रोमँटिक काव्य यांतून आकाराला आला, हे इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी 1999 मध्ये सविस्तर दाखवले. हे वाचून फसवणूक झाल्यासारखे वाटेल (मला काही महिने तसेच वाटत होते). पण एखादी प्रार्थना सत्तर वर्षांपूर्वी रचली गेली, एवढ्यावरून ती पोकळ ठरत नाही.

नव्वद लाख चेटकिणी जाळल्या गेल्या, हा आकडा मात्र निःसंकोच खोडावा. तो अठराव्या शतकातील एका ढोबळ हिशेबातून आला. आजचे अभ्यासक युरोपातील बळींची संख्या साधारण चाळीस ते पन्नास हजार मानतात, आणि इंग्लंडमध्ये तर या गुन्ह्यासाठी सामान्यतः फाशी दिली जाई. शिवाय त्यांतील बहुतेक जण स्वतःला ख्रिस्तीच मानत असल्याने त्यांना आपले धर्मपूर्वज म्हणवून घेणे म्हणजे त्यांच्यावर झालेला आरोप आपणही खरा मानण्यासारखे आहे.

विक्कात वर्षभर ऋतूंनुसार पाळल्या जाणाऱ्या आठ सणांचे चक्रही सध्याच्या रूपात 1950 च्या दशकात जुळवले गेले. दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असल्याने तेथील अनेक साधक ते सहा महिन्यांनी फिरवून पाळतात. म्हणून पुस्तकातल्या तारखेपेक्षा आपल्या डोक्यावरचे आकाश पाहावे.

नीतीच्या पानांवर अधिक वेळ द्यावा. ‘कोणाला इजा होणार नसेल, तर इच्छेनुसार वाग’ हे वचन लहानपणी मोकळीक वाटते. नीट वाचल्यास ते निरुपद्रवी कृतीला परवानगी देते, पण इजा टाळताच येत नसेल तेव्हा काय करावे, याबद्दल गप्प राहते. तो निर्णय साधकालाच घ्यावा लागतो. केलेले तिपटीने परत येते, हा नियम यांत्रिक हिशेबासारखा घेतला, तर आजारी किंवा पीडित माणसालाच दोषी ठरवण्याची वेळ येते. दुसऱ्याच्या संमतीविना त्याचे मन वळवण्यासाठी लिहिलेले वशीकरणाचे मंत्रही याच कसोटीवर पुन्हा तपासावेत.

अनुभवाच्या बाबतीत एकच शिस्त पुरेशी आहे: विधीआधी अपेक्षा लिहून ठेवावी आणि काही न घडल्यास तेही तारखेसह नोंदवावे. औषधोपचाराची जागा मात्र कोणत्याही विधीला देऊ नये.

हे सारे करताना गार्डनर यांच्या मंडळातील पुरोहिता डोरीन व्हॅलिएंटे यांचे उदाहरण आठवावे. गार्डनर यांच्या विधिसंहितेत इंग्लिश गूढविद्यावादी ॲलिस्टर क्रोली यांचे उतारे आहेत, हे त्यांनी ओळखले, त्यांतील बराच भाग स्वतः नव्याने लिहिला, 1957 मध्ये गार्डनर यांचे मंडळ सोडले आणि पुढे त्यांच्या दाव्यांचा माग जुन्या सरकारी नोंदींमधूनही काढला. तरी 1999 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी स्वतःचा मार्ग सोडला नाही.