लंडन सिटीतली जुनी चर्च: रविवार टाळा, मधला वार धरा

चर्च बघायचं म्हणून रविवार निवडला, तर लंडनच्या 'सिटी'त बेत हमखास फसतो. सेंट पॉल्स कॅथेड्रलभोवतीचा हा जेमतेम चौरस मैलाचा भाग बँका आणि कचेऱ्यांचा. राहती वस्ती थोडी, त्यामुळे चर्चमधला राबताही कामाच्या दिवसांचा. शनिवार-रविवारी बऱ्याच दारांना कुलूप असतं. मंगळवार ते गुरुवारमधला दिवस धरा, अकराला निघा आणि आतून बघायचं तीनच्या आत उरका. वेळा चर्चगणिक वेगळ्या, म्हणून आदल्या रात्री संकेतस्थळ तपासा.

१६६६च्या आगीनंतर वास्तुकार क्रिस्टोफर रेनच्या देखरेखीखाली इथे ५१ चर्च पुन्हा बांधली गेली. एका दिवसात सहा पुरेत. खालची वाट साधारण साडेतीन किलोमीटरची आहे.

मॉन्युमेंट स्टेशनवर उतरून आधी सेंट डन्स्टन-इन-द-ईस्ट गाठा. १९४१च्या बॉम्बफेकीत हे उद्ध्वस्त झालं, रेनचा मनोरा तेवढा वाचला. १९७१पासून भिंतींच्या आत बाग आहे. बारानंतर कचेरीतली मंडळी डबे घेऊन येतात आणि बाकं भरतात, म्हणून हे पहिलं. नकाशात नाव पूर्ण टाका. सेंट डन्स्टन-इन-द-वेस्ट पार फ्लीट स्ट्रीटवर आहे. वूलनॉथ, ऑल्डरमेरी आणि ल-बो या तिन्ही 'सेंट मेरीं'चाही असाच घोळ होतो.

पुढे बँक स्टेशनजवळ सेंट मेरी वूलनॉथ. हे रेनचं नाही, त्याचा शिष्य निकोलस हॉक्समूर याचं. तिथून दोन-तीन मिनिटांवर सेंट स्टीफन वॉलब्रुक. एकाच ठिकाणी निवांत बसायचं असेल तर इथेच. बाहेरून अगदी साधं, आत आठ कमानींवर तोललेला घुमट, तोही सेंट पॉल्सच्या घुमटाआधीचा. मधोमध शिल्पकार हेन्री मूरची गोल दगडी वेदी आहे. ती ठेवू द्यावी की नाही, हा वाद १९८७मध्ये धर्मन्यायालयात मिटला. आमच्या मते ती तिथे शोभते. बऱ्याच चर्चमध्ये एकच्या सुमारास ऑर्गनवादन असतं. ऐकायचं असेल तर पंधरा मिनिटं आधी बसा. सुरू झाल्यावर आत हिंडणं बरं दिसत नाही.

सेंट मेरी ऑल्डरमेरीत चक्क प्रार्थनेच्या दालनात कॉफी मिळते. कप हातात घेऊन छत बघा: पंख्यासारख्या पसरलेल्या त्या कमानी दगडाच्या वाटतात, पण आहेत गिलाव्याच्या. सेंट मेरी-ल-बोचं तळघर अकराव्या शतकातलं. जुन्या तळघरांना लिफ्ट असेलच असं नाही. गुडघे दुखणारं कुणी सोबत असेल तर आधी विचारा.

वुड स्ट्रीटवर रस्त्याच्या मधोमध नुसता मनोरा उभा दिसेल. तो सेंट ऑल्बनचा. आता खासगी घर आहे, बाहेरूनच बघा. क्राइस्ट चर्च ग्रेफ्रायर्सच्या मनोऱ्याचंही तेच, मात्र खालची गुलाबबाग सगळ्यांना खुली आहे. तिथले वाफे जुन्या बाकांच्या रांगांप्रमाणे आखलेत आणि खांबांच्या जागी वेलींचे लाकडी मांडव आहेत. ही बाग दारं बंद झाल्यावरही बघता येते. तेव्हा उशीर होत असेल तर ती मागे ठेवून आधी फ्लीट स्ट्रीटवरचं सेंट ब्राइड्स गाठा. त्याच्या तळघरात रोमन काळातली फरशी आहे.

प्रवेश बहुतेक ठिकाणी मोफत असतो. दानपेटीत दोन-तीन पौंड टाका, पुरुषांनी टोपी काढावी, फ्लॅश बंद ठेवावा. स्वच्छतागृह सगळीकडे नसतं, म्हणून कॉफीच्या थांब्यावरच ते आटपून घ्या.