केनियाची राज्यघटना वंचितांच्या बाजूने कशी वाचावी

अनेक वंशसमूहांच्या आफ्रिकी देशाची राज्यघटना हाती आली की बहुतेक अभ्यासक प्रथम मूलभूत हक्कांचे प्रकरण उघडतात. तसे करू नये. हक्कांची भाषा सगळीकडे जवळपास सारखीच गोड असते. खरा फरक कळतो तो निवडणूक, पैसा आणि जमीन यांच्या कलमांत. सरावासाठी केनियाची २०१० ची घटना घ्यावी. २००७ च्या अखेरीस झालेल्या निवडणुकीनंतरच्या हिंसाचारात अकराशेहून अधिक माणसे मारली गेली आणि वर्षानुवर्षे रखडलेले घटनेचे काम त्या धक्क्यानंतर तडीस गेले.

आरंभ मात्र व्याख्येपासून करावा. ‘अल्पसंख्याक’ म्हटले की आपल्याला भारतीय राज्यघटनेच्या कलम ३० मधला धर्म किंवा भाषा आठवते. केनियात तो निकष अपुरा पडतो, कारण तिथे कोणताच समाज बहुसंख्य नाही. २०१९ च्या जनगणनेत सर्वांत मोठा किकुयू समाजसुद्धा सुमारे १७ टक्केच भरला. म्हणून कलम २६० मधील ‘वंचित समुदाया’ची व्याख्या सावकाश वाचावी. संख्येने लहान असल्यामुळे मागे राहिलेले, आपली संस्कृती जपण्यासाठी मुख्य प्रवाहाबाहेर राहिलेले, शिकार करून आणि रानातले अन्न गोळा करून जगणारे, तसेच दूरस्थ पशुपालक असे सगळे तिच्यात येतात. कलम ५६ मधील प्रतिनिधित्व, शिक्षण, रोजगार आणि पाणी यांची आश्वासने कोणाला लागू होतात, हे त्यानंतरच नीट उमगते.

मग कागद-पेन्सिल घ्यावी. कलम १३८ नुसार राष्ट्राध्यक्षाला एकूण मतांपैकी निम्म्याहून अधिक मते तर लागतातच, शिवाय ४७ काउंट्यांपैकी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग) निम्म्याहून अधिक, म्हणजे किमान २४ काउंट्यांत प्रत्येकी २५ टक्के मते लागतात. अशा अटीमुळे उमेदवाराला आपल्या समाजाबाहेर मते मागत फिरावे लागते. अशी अट वाचताना अपूर्णांक तपासावा. नायजेरियात १९७९ साली १९ राज्यांच्या दोन तृतीयांश राज्यांत एक चतुर्थांश मते हवी होती; १९ चे दोन तृतीयांश म्हणजे पावणेतेराला जरा कमी, तेव्हा बारा राज्ये धरायची की तेरा, हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि शेहू शगारी यांचे अध्यक्षपद त्या अपूर्णांकावर टिकले.

पैशासाठी कलम २०४ पुरेसे आहे: राष्ट्रीय महसुलाचा अर्धा टक्का वंचित भागांतील पाणी, रस्ते, आरोग्यसेवा आणि वीज यांसाठी. अर्धा टक्का म्हणजे फारसा नव्हे, हे वाचकाने आपले आपण ओळखावे.

सर्वांत जास्त वेळ कलम ६२ आणि ६३ यांना द्यावा आणि ती शेजारी-शेजारी ठेवूनच वाचावीत. कलम ६३ शिकारी-संग्राहक समुदायांच्या वडिलोपार्जित जमिनीला सामुदायिक जमीन मानते, तर कलम ६२ पाणलोट क्षेत्राला सार्वजनिक जमीन ठरवते. एकच जंगल दोन्हींत बसत असेल तर काय करायचे? माऊ जंगलातील ओगिएक या शिकारी-संग्राहक समाजाचे दुखणे नेमके हेच आहे. २००९ मध्ये त्यांना जंगल सोडण्याची नोटीस मिळाली. सरकारचा युक्तिवाद पाणलोट रक्षणाचा होता. २०१७ मध्ये मानवी आणि लोकहक्कांच्या आफ्रिकी न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि २०२२ मध्ये १५ कोटी ७८ लाख ५० हजार शिलिंगांची भरपाई तसेच जमिनीची मालकी देण्याचा आदेश काढला.

म्हणून टिपणवहीत प्रत्येक कलमापुढे तीन रकाने आखावेत: कलमाचे शब्द, न्यायालयाचा अर्थ आणि प्रत्यक्ष अंमल. ओगिएकांपुरता तिसरा रकाना भरायचा, तर त्यात नोव्हेंबर २०२३ मधील माऊ जंगलातून पुन्हा झालेली हकालपट्टी लिहावी लागेल.