सपाटीवरच्या रनरनं डोंगरातली रेस कशी काढायची: चढाचं सोडा, उतार शिका

आपल्या मराठवाड्यात रनिंगचे ग्रुप आता जिल्ह्याजिल्ह्यात झालेत, लातूर नांदेड परभणी कुठंबी जा, पहाटे पाचला रिंग रोडवर टीशर्टवाले दिसतातच. दहा किलोमीटर झालं, हाफ (२१ किलोमीटरची हाफ मॅरेथॉन) झाली, की मग कुणीतरी ग्रुपवर सातारा हिल हाफचा किंवा सिंहगड-राजगड-तोरणा भागातल्या ट्रेल रेसचा (पायवाटेवरच्या रेसचा) फोटो टाकतो आणि चार-पाच जण जोशात फॉर्म भरून मोकळे होतात. अडचण इथूनच सुरू होते, कारण आपली प्रॅक्टिस सगळी सपाट डांबरावर आणि रेस आहे डोंगरात.

आणि तयारी करतात ते बी चढाची करतात. चढावर दम लागतो, ते जाणवतं, म्हणून सगळं लक्ष तिकडं. पण चढावर तुम्ही फार तर चालायला लागता, रेस खरी बिघडते ती उतारावर. पहिल्या मोठ्या उतारानंतर मांड्या अशा काही भरून येतात की पुढं सपाट आलं तरी पळता येत नाही. म्हणून खाली जे लिहिलंय त्यात उताराला जास्त जागा दिली आहे.

आधी रेस नीट वाचून घ्या

किलोमीटर बघून फॉर्म भरू नका, एकूण चढ किती मीटर आहे ते बघा. रेसच्या पेजवर एलिव्हेशन गेन म्हणून आकडा दिलेला असतो. समजा २५ किलोमीटरला १००० मीटर चढ आहे, म्हणजे किलोमीटरमागं सरासरी ४० मीटर झाला, आणि तेवढाच साधारण उतार. रस्ता डांबरी आहे का पायवाट तेबी बघा. साताऱ्याची हाफ यवतेश्वर घाटातली, सगळी डांबरी, अर्धी वर आणि अर्धी खाली, तिथं तुमचे रोजचे रोड शूज चालतात. गडांच्या वाटा म्हणजे वेगळंच प्रकरण, दगड, घसारा, कुठं कुठं हात टेकवून उतरायचं.

वेळेचा अंदाज काढायला एक जुना हिशेब आहे, १८९२ मध्ये नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं मांडलेला: दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला वरून एक तास. हा चालणाऱ्यांचा हिशेब आहे. आपल्या २५ किलोमीटरच्या उदाहरणात तो पावणेसात तासाच्या आसपास जातो. पळणारा त्याच्या आत येतो, पण सपाटीवर अडीच तासात २५ मारणाऱ्यानं तिथं चार-पाच तास धरून चालावं. कटऑफ, म्हणजे रेस संपवायची शेवटची मुदत, त्याच्याशी ताडून बघा आणि मगच पैसे भरा.

चाळिशी ओलांडली असेल, बीपी-शुगर असेल किंवा घरात कुणाला हार्टचा त्रास असेल तर डॉक्टरला दाखवून या, यावर जास्त बोलत नाही.

डोंगर कुठून आणायचा

संभाजीनगरवाले नशीबवान, गोगाबाबा टेकडी आहे, शहरालगतच्या सातारा परिसरातले (सातारा जिल्हा नव्हे) डोंगर आहेत, सुट्टीच्या दिवशी खुलताबादहून म्हैसमाळचा रस्ता आहे. म्हैसमाळ हजार मीटरच्या वर आहे आणि शहर साडेपाचशेच्या थोडं वर, म्हणजे आपल्या भागातबी मोठा चढ मिळतो, लोकांना वाटतं सह्याद्रीतच जावं लागतं. बीडवाल्यांना मांजरसुंबा-कपिलधारचा बालाघाट आहे, अंबाजोगाईला मुकुंदराज आणि बुट्टेनाथची दरी, धाराशिवला येडशी-रामलिंगचं रान, नांदेडकरांना थोडं लांब पण माहूर. अभयारण्याच्या हद्दीत जायचं तर आधी वनविभागाला विचारा, उगं पहाटे अंधारात घुसू नका.

राहिले परभणी आणि लातूर शहरवाले. त्यांच्यासाठी उड्डाणपूल, स्टेडियमच्या पायऱ्या, तलावाची भिंत आणि अपार्टमेंटचा जिना. एक मजला साधारण तीन मीटर धरा, चार मजले म्हणजे १२ मीटर, २५ फेऱ्या केल्या की ३०० मीटर चढ आणि ३०० मीटर उतार झाला. वॉचमन येडं समजतो, समजू द्या. फक्त लिफ्टनं खाली येऊ नका, खाली उतरणं हाच तर अभ्यास आहे. जिममधली ट्रेडमिल १०-१५ टक्के चढावर लावून जोरात चालणंबी चांगलं, पण त्यात उतार मिळत नाही हे ध्यानात ठेवा.

चार महिने, आठवड्याचं गणित

दहा किलोमीटर आरामात पळता येत असेल तर चार महिने पुरतात. डिसेंबरची रेस असेल तर ऑगस्टमध्ये सुरू करा. आठवड्यात चार दिवस पळणं, दोन दिवस ताकदीचा व्यायाम, एक दिवस पूर्ण आराम. चारपैकी दोन दिवस एकदम सोपं पळायचं, बोलता बोलता. एक दिवस टेकडी. रविवारी लाँग रन, आणि हा किलोमीटरवर नाही तर तासावर मोजायचा. दीड तासापासून सुरू करून हळूहळू तीन-साडेतीन तासापर्यंत न्या, त्यात पळणं-चालणं दोन्ही आलं, आणि जमेल तेवढा खडबडीत रस्ता पकडा. पाणंद, कॅनॉलची बाजू, माळरान काहीही. दर चौथ्या आठवड्याला सगळं कमी करा, शरीराला सवय व्हायला वेळ लागतो.

टेकडीच्या दिवशी पहिला महिनाभर साठ ते नव्वद सेकंदाचा चढ जोरात, उतरताना सावकाश, सहा वेळा. मग आठ, दहा. छाती फुटेस्तोवर नाही, शेवटचा राउंड पहिल्यासारखाच निघाला पाहिजे.

चालण्याचीबी प्रॅक्टिस लागते, हे कुणी सांगत नाही. चढ उभा झाला आणि तोंडातून एक पूर्ण वाक्य निघेना की पळणं सोडून चालायला लागा, जिंकणारेसुद्धा मोठ्या रेसमध्ये उभ्या चढावर चालतात. पण रमत गमत नाही. कंबरेतून थोडं पुढं वाका, तळहात गुडघ्याच्या वर मांडीवर ठेवा, आणि ज्या पायावर वजन येतंय त्या मांडीला हातानं खाली रेटा. पावलं बारकी. असं जोरात चालणारा बऱ्याच वेळा रडत-खडत पळणाऱ्याच्या पुढं जातो आणि वर पोचल्यावर त्याच्या पायात जीव शिल्लक असतो.

आता उतार

उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच वजन झेलत असतो. सपाटीवर एवढं काम त्याला कधी पडत नाही. त्यात बारीक बारीक इजा होते, म्हणून दुखणं त्या दिवशी नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोर करतं, जिना उतरताना कठड्याला धरावं लागतं. चांगली गोष्ट अशी की एकदा हा मार खाल्ला की तोच स्नायू पुढचे काही आठवडे तसल्याच उताराला बराच कमी दुखतो. म्हणजे लस घेतल्यासारखा थोडा थोडा डोस आधीच द्यायचा.

दुसऱ्या महिन्यापासून टेकडीच्या दिवशी उलटं करा: वर चालत जा आणि उतार पळा. दोन-तीन मिनिटांचा मध्यम उतार, मुरमाचा असेल तर उत्तम, सुरुवातीला चारच वेळा. पुढं वाढवा. शेवटचा जोराचा उतार रेसच्या साधारण दोन आठवडे आधी, त्यानंतर नाही, नाहीतर दुखऱ्या मांड्या घेऊनच स्टार्ट लाईनला जाल.

टेक्निक असं. मागं झुकू नका. भीतीनं सगळेच मागं झुकतात, मग टाच आधी टेकते, पाय शरीराच्या पुढं पडतो आणि प्रत्येक पावलाला ब्रेक लागतो, मांड्या त्यानंच जातात, आणि सैल मुरमावर टाच घसरून ढुंगणावर बसायची वेळ येते ती वेगळीच. त्यापेक्षा घोट्यातून किंचित पुढं झुका, पावलं छोटी आणि पटपट, पाय अंगाच्या खाली पडू द्या, गुडघे थोडे वाकलेले. हात कोपरातून बाहेर पसरलेले, दिसायला विचित्र दिसतं पण तोल त्यानंच राहतो. नजर पायाजवळ नाही, तीन-चार मीटर पुढं. डोळ्यानं जागा आधी ठरवली की पाय आपोआप तिथं जातो, पायाकडं बघत बसलं की प्रत्येक दगड अचानक समोर येतो. फार उभं असेल तर नागमोडी उतरा. आणि खरंच भीती वाटत असेल तर चाला, घोटा मुरगळला तर डोंगरातून उचलून आणायला माणसं लागतात.

ताकद

आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, घरीच. बैठका, लंजेस (एक पाय लांब पुढं टाकून गुडघे वाकवत खाली जाणं), आणि एक मुख्य व्यायाम: जिन्याच्या पायरीवर एका पायावर उभं राहा, दुसऱ्या पायाची टाच तीन सेकंद मोजत खालच्या पायरीला हलकी टेकवा, परत वर. गुडघा आत कलंडू देऊ नका. दर पायाला आठ-दहा, तीन सेट. उताराला यापेक्षा जवळचा व्यायाम घरात मिळणार नाही. पोटऱ्यांसाठी पंजावर उचलणं, एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा वाकवून. दात घासताना एका पायावर उभं राहा, घोट्याला सवय होते.

सामान: बुटावर पैसे, बाकीत कंजुषी चालते

ट्रेल शूजचा तळ बघा, चार-पाच मिलिमीटरचे दाते असले की मुरूम, गवत, दगड सगळ्याला चालतात. अंगठ्यापुढं एक बोट जागा पाहिजे, उतारावर पाय पुढं सरकतो आणि जागा नसली तर नखं काळी पडतात. दुकानात संध्याकाळी जा, दिवसभरात पाय सुजलेले असतात, आणि पळायचे सॉक्स घालूनच ट्राय करा. लेसचं सगळ्यात वरचं जे जादा भोक असतं ते उगंच नसतं, त्यात लेस मागं वळवून छोटा फासा करा, दुसऱ्या बाजूची लेस त्यातून ओढा, टाच जागेवर बसते. नवे बूट घेऊन रेसला जाऊ नका, महिनाभर तरी वापरा.

आपल्याकडची गंमत अशी की ऑगस्टमध्ये पाऊस पडून गेला की काळ्या मातीत कुठलाच बूट चालत नाही, दाते चार असो का आठ मिलिमीटरचे, शंभर पावलात एकेका पायाला किलोभर चिखल चिकटतो आणि चाल बिघडून गुडघा दुखतो. त्या दिवसांत मुरमाड टेकडी नाहीतर डांबर. आणि ऑक्टोबरपासून कुसळ. माळावरनं तासभर पळून आलात की सॉक्समध्ये शेकड्यानं अडकतात, आधी नुसती टोचतात, मग आतल्या आत सरकत कातडीपर्यंत जातात, आणि बसून एक एक काढायला पळण्याएवढाच वेळ लागतो. बारीक विणीचे घोट्यावर येणारे सॉक्स घ्या, सुती नको, सुती सॉक्स घाम धरून ठेवतात आणि फोड येतात. बुटाच्या तोंडावर बसणारे गेटर (घोट्याभोवतीचं कापडी आवरण) मिळाले तर कुसळ आणि खडे दोन्हीचा ताप मिटतो. सकाळी कमी उजेडात गवतातून पळू नका, फुरसं आपल्या माळावर चांगलंच आहे आणि मुरमात दिसत नाही.

पाठीला पाच ते आठ लिटरची हायड्रेशन वेस्ट (पाणी-सामान ठेवायचं जाकिटासारखं सॅक), पुढं दोन अर्ध्या लिटरच्या मऊ बाटल्या. शिट्टी, चार्ज केलेला फोन, टोपी, अंधारात जायचं असेल तर हेडलॅम्प, थोडे पैसे. रेसनं सक्तीचं सामान दिलं असेल तर त्या यादीत काटछाट नको. काठ्या लांब आणि उभ्या रेसला उपयोगी, पण नियमात बसतात का बघा आणि आधी वापरून शिका. मांड्या नि काखा घासतात तिथं खोबरेल किंवा व्हॅसलीन.

खाणं-पिणं

तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम मिळतं. खजूर, राजगिऱ्याची चिक्की, गूळ, जेल (पाकिटातलं गोड घट्ट पाक), काहीही, फक्त रविवारच्या लाँग रनला खाऊन बघितलेलं असावं. शेंगदाण्याची चिक्की चवीला मस्त पण तेल जास्त, जोरात पळताना काही जणांच्या पोटात बसते. भूक लागायची वाट बघू नका, अर्ध्या-पाऊण तासापासून थोडं थोडं चालू करा.

पाणी तहानेप्रमाणं, तासाला अर्धा लिटर हा सुरुवातीचा अंदाज, ऊन असेल तर वाढवा. पण भसाभस नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं आणि ते उन्हाच्या त्रासापेक्षा कमी धोक्याचं नाही. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एक लिटरमध्येच टाका, अर्ध्या बाटलीत दाट करून पिऊ नका. आणि दुखतंय म्हणून पळताना पेनकिलर घेऊ नका, कोरड्या शरीरात किडनीवर ताण येतो.

रेसच्या दिवशी

आदल्या आठवड्यात पळणं निम्म्याच्या खाली. पहिले पाच किलोमीटर लाज वाटेल एवढं हळू. घड्याळात पेस (किलोमीटरला किती मिनिटं) बघूच नका, डोंगरात त्याला अर्थ नाही, श्वास बघा. अरुंद वाटेवर पुढं जायचं असेल तर आवाज द्या, कडेनं घुसू नका. कुणी पडलेलं दिसलं तर थांबा. जेलची पाकिटं खिशात परत आणा.

रेसनंतर दोन दिवस चालणं, आठवडाभर हलकंच, मांड्या दाबल्यावर दुखायच्या थांबल्या की मग पळा. बूट घरात धुऊ नका, बाथरूमची जाळी मुरमानं तुंबते, बाहेर बादलीत जुन्या ब्रशनं घासा, आतलं तळवं काढून ठेवा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि सावलीत वाळवा. आपल्या गच्चीवरच्या उन्हात ठेवले तर सोल चिकटवलेला गोंद सुटायला लागतो.