मिररलेस कॅमेरा घेताना या चुका टाळा : कोकणच्या हवेत आधी काय घ्यावे

आरशातून दृश्य दाखवणारा डीएसएलआर कॅमेरा विकून आरसा नसलेल्या मिररलेसकडे वळणाऱ्यांचे पैसे बहुधा बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) आणि लेन्स यांतच संपतात, आणि बाकीच्या वस्तू ‘नंतर बघू’ म्हणून मागे पडतात. घाटावर हे एक वेळ खपून जाते. रत्नागिरी-मालवणच्या किनारपट्टीवर मात्र खरेदीचा क्रम इथल्या हवेने ठरवावा लागतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे कॅमेरा कपाटात ठेवणे. मी स्वतः एक लेन्स तिच्या चामडी पिशवीसह लाकडी कपाटात जूनमध्ये ठेवली आणि गणपतीला बाहेर काढली, तेव्हा आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बुरशीचे धागे पसरलेले होते. पावसाळ्यात इथली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते, तर कॅमेऱ्याला ४० ते ५० टक्के मानवते. विजेवर चालणारे ड्राय कॅबिनेट (आतली हवा कोरडी ठेवणारे कपाट) घेता आले तर उत्तमच, पण केवळ त्याच्यावर विसंबू नये : ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडकडच्या अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. म्हणून रबरी कडेचा हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) आणि आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र एवढे घरात असलेच पाहिजे. नारिंगी दाणे हिरवे झाले की ते ओल धरून तुडुंब झाले असे समजावे आणि स्वयंपाकात न लागणाऱ्या एखाद्या कढईत मंद आचेवर तापवून घ्यावेत. तांदळात कॅमेरा पुरून ठेवण्याचा सल्ला मात्र ऐकू नये, कारण त्याचा भुसा फटीफटींत शिरतो.

दुसरी चूक बॅटरीची. आरशातून थेट दिसणारे दृश्य आता मिररलेसमध्ये सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग) आणि पडदा सतत चालू ठेवून दाखवले जाते, त्यामुळे बॅटरी लवकर उतरते. निकॉनचा डीएसएलआर डी७५०० एका चार्जवर प्रमाणित चाचणीत ९५० फोटो देत असे. त्याच कंपनीचा मिररलेस झेड५० सुमारे ३०० देतो. रात्री उशिरा उभा राहून पहाटेपर्यंत रंगणारा दशावतार टिपायचा तर किमान तीन बॅटऱ्या लागतात. अनेक नव्या मॉडेलांबरोबर वेगळा चार्जर येत नाही, आणि यूएसबीने चार्ज करायला पॉवर बँक घेताना ती ‘पॉवर डिलिव्हरी’ (जास्त वॅटची वीज देणारी पद्धत) असलेली आहे ना, हे पाहावे. साध्या बँकेवर काही कॅमेरे चार्जच होत नाहीत. जुनी बॅटरी नव्या बॉडीत बसली म्हणजे काम झाले असेही नाही : कॅननच्या ईओएस आर या मिररलेसमध्ये डीएसएलआरची मूळची एलपी-ई६ बॅटरी चालते, पण यूएसबीने चार्ज होत नाही.

जुन्या लेन्स ठेवायच्या असतील तर त्या नव्या बॉडीला जोडणारा अ‍ॅडॅप्टर आधी तपासावा. निकॉनचा एफटीझेड जुन्या एएफ-डी लेन्सना ऑटोफोकस देत नाही, कारण त्या बॉडीतल्या मोटरवर चालत आणि ती मोटर ना या अ‍ॅडॅप्टरमध्ये आहे ना झेड बॉडीत. कॅननच्या डीएसएलआरच्या ईएफ लेन्स मात्र कंपनीच्याच अ‍ॅडॅप्टरवर बिनबोभाट चालतात.

मेमरी कार्डाच्या बाबतीत लोक बिट आणि बाइट (८ बिट म्हणजे एक बाइट) यांची गल्लत करून उगाच महागडे कार्ड घेतात. सेकंदाला १०० मेगाबिटचा ४के व्हिडिओ म्हणजे १२.५ मेगाबाइट, त्याला व्ही३० (सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहिणारे कार्ड) पुरते. ४०० मेगाबिटला ५० मेगाबाइट लागतात, तिथे व्ही६० हवे.

आता खाऱ्या वाऱ्याविषयी. आरसा नसल्याने लेन्स काढताच सेन्सर उघडा पडतो. काही मॉडेलांत कॅमेरा बंद करताना शटरने सेन्सर झाकून घेण्याची सोय असते, ती मेनूत शोधून चालू करावी. पुळणीवर लेन्स बदलूच नये, आणि बदलावीच लागली तर वाऱ्याकडे पाठ करून, बॉडीचे तोंड खाली धरून बदलावी. हाताने दाबायचा रबरी ब्लोअर हवा. तोंडाने फुंकर मारली की थुंकीचे कण सेन्सरवर बसतात. समुद्राचे तुषार वाळून मिठाचे कण झालेले असताना कोरड्या फडक्याने लेन्स पुसली तर काचेवर ओरखडे उठतात. आधी ब्लोअर वापरावा, मग गोड्या पाण्याने किंचित ओलसर केलेले फडके हलक्या हाताने फिरवावे. लेन्ससमोर यूव्ही फिल्टरची काच असल्यास मार त्यालाच बसतो. वातानुकूलित खोलीतून थेट किनाऱ्यावर आल्यास काचेवर दव धरते, तेव्हा बॅग बंद ठेवून अर्धा तास थांबावे.

फ्लॅशची घाई नको. वेळासला कासवांच्या पिल्लांवर तो मारता येत नाहीच. ट्रायपॉड मात्र घ्यावा, आणि ओल्या वाळूत उभा केल्यावर घरी येताच त्याच्या पायांची कुलपे उघडून गोड्या पाण्याने धुवावा, पाय लांब करून सावलीत वाळवावा. तसाच मिटून ठेवला तर महिन्याभरात कुलपे अडकून बसतात.