‘नाइट मेल’ कसा पाहावा आणि कसा दाखवावा

‘नाइट मेल’ हा १९३६ सालचा ब्रिटिश माहितीपट बहुतेकांच्या वाट्याला शेवटाकडून येतो. डब्ल्यू. एच. ऑडेन यांची कविता आगगाडीच्या ठेक्यावर म्हटलेला तो तुकडा इंटरनेटवर सुटा फिरत असतो. तो आवडला की माणूस संपूर्ण माहितीपट लावतो आणि कविता कधी येते याची वाट पाहत बसतो. ती येते अगदी शेवटच्या काही मिनिटांत, आणि तोवरची वीसेक मिनिटे ही त्याला नुसती प्रस्तावना वाटते. माझ्या मते हा माहितीपट पाहण्याची याहून वाईट रीत नाही. कवितेत जो जोर आहे तो आधीच्या वीस मिनिटांतल्या कामाने, वेळेच्या हिशेबाने आणि आवाजाने साठवलेला आहे. फिल्म सोसायटीत तो दाखवायचा असेल किंवा अभ्यासासाठी एकट्याने पाहायचा असेल, तरी पुढील पद्धतीने पाहिल्यास हाती बरेच काही लागेल.

सुरुवात नकाशाने करावी. ही गाडी लंडनच्या यूस्टन स्थानकातून रात्री साडेआठला सुटते आणि रग्बी, टॅमवर्थ, क्रू, कार्लाइल असे टप्पे घेत स्कॉटलंडमध्ये ग्लासगोकडे जाते. हे अंतर सुमारे ४०० मैलांचे आहे. निवेदनात तिला ‘डाउन’ टपाल गाडी म्हटले आहे. आपल्याकडेही अप-डाउनची भाषा रोजचीच असल्याने मुंबईकराला ते समजावून सांगावे लागत नाही. गाडीत प्रवासी नाहीत. आहेत ते टपाल खात्याचे चाळीस कर्मचारी, आणि रात्रभरात हाताळायची पाच लाख पत्रे. धावत्या गाडीत टपालाची वर्गवारी करण्याची ही व्यवस्था ब्रिटनमध्ये १८३८ मध्ये सुरू झाली आणि २००४ मध्ये बंद पडली. ज्यांनी आपल्याकडच्या स्थानकांवर आर.एम.एस.च्या, म्हणजे रेल्वे टपाल सेवेच्या, लाल पेटीत घाईघाईने पत्र टाकले आहे त्यांना मूळ कल्पना ओळखीची वाटेल. तसेच १९६३ च्या गाजलेल्या ब्रिटिश रेल्वे दरोड्यात लुटली गेलेली गाडी म्हणजे याच मार्गावरची, ग्लासगोहून लंडनला येणारी टपाल गाडी होती, एवढे सांगितले की ज्यांना टपालात रस नाही तेही सावरून बसतात.

साधनांविषयी एकच आग्रह धरावा, आणि तो आवाजाविषयी. चित्र कृष्णधवल आहे, जुने आहे, मोबाइलच्या पडद्यावरही ते कसेबसे निभावते. परंतु मोबाइलच्या स्पीकरवर चाकांचा नाद आणि माणसांचे बोलणे यांचा गोळा होतो आणि अर्धा माहितीपट तिथेच हातचा जातो. घरी पाहत असाल तर हेडफोन लावा. सभागृहात दाखवत असाल तर आधी जाऊन शेवटच्या रांगेत बसून आवाज तपासा. शक्य असल्यास ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने प्रकाशित केलेली प्रत मिळवा. संवाद उत्तर इंग्लंडच्या आणि स्कॉटलंडच्या बोलींत आहेत, ते सगळे कळले नाहीत तरी अडत नाही.

पहिल्या वेळी मधे न थांबता, टिपणे न काढता पाहावे. या वेळी नजर माणसांच्या हातांवर ठेवावी: सिग्नल केबिनमधले खटके ओढणारे हात, रुळांवरून बाजूला होऊन गाडीला वाट देणारे गँगमन, क्रू स्थानकावर थैल्या ओढणारे हमाल. क्रूचा थांबा तेरा मिनिटांचा आहे. ठिकठिकाणच्या गाड्यांनी आणलेले टपाल तेवढ्यात चढवायचे असते, आणि ती धांदल दाखवताना निवेदक जवळजवळ गप्प राहतो, हे लक्षात घ्यावे. आजचा एखादा माहितीपट तिथे तीनदा सांगता की वेळ किती कमी आहे.

माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा प्रसंग मात्र थैली टाकण्याचा आहे, आणि तो समजण्यासाठी यंत्रणा आधी माहीत असलेली बरी. गाडी न थांबता टपाल उतरवायचे तर थैल्या जाड चामड्याच्या आवरणात पट्ट्यांनी आवळून बांधतात आणि डब्याच्या दारातून बाहेर वळणाऱ्या लोखंडी हातावर टांगतात. रुळालगत दोरांचे भक्कम जाळे उभे असते, ते ती थैली झेलते. उलट दिशेनेही तेच चालते: रुळालगतच्या खांबावर टांगलेली थैली डब्याच्या बाजूला उघडलेले जाळे वेचून आत घेते. अडचण अशी की बाहेर रात्र आहे आणि तो हात नेमका कधी बाहेर काढायचा हे पाहून ठरवता येत नाही. लवकर काढला तर वाटेतल्या कशाला तरी धडकण्याची धास्ती, उशीर झाला तर जाळे मागे पडते. जुना कर्मचारी नवशिक्याला शिकवतो ते असे: दोन पूल जाऊ दे, मग पंचेचाळीस ठोके मोज. ठोके म्हणजे रुळांच्या सांध्यांवरून चाके जाताना होणारे आवाज. रूळ साधारण साठ फुटांचा धरला तर पंचेचाळीस ठोके म्हणजे अर्ध्या मैलाहून थोडे जास्त अंतर, आणि ताशी साठ मैलांच्या वेगात ते जेमतेम अर्ध्या मिनिटात सरते. या प्रसंगी प्रेक्षकाने स्वतः मनात ठोके मोजावेत. दुसऱ्या पुलानंतर मोजणी सुरू केली की पोटात गोळा येतो, आणि थैली जाळ्यात पडल्यावर त्या नवशिक्याइतकेच आपल्यालाही हायसे वाटते. ही पद्धत ब्रिटनमध्ये १९७१ पर्यंत चालू होती.

दुसऱ्या वेळी वर्गवारीच्या डब्यातली दृश्ये सावकाश, गरज पडल्यास थांबवून पाहावीत. कप्प्यांच्या भिंतीसमोर उभी माणसे पत्ता वाचतात, पत्र खणात सारतात, एकमेकांची थट्टा करतात आणि गाडीच्या चालीबरोबर किंचित झुलतात. हे झुलणे खोटे आहे. खऱ्या डब्यात त्या काळची ध्वनिमुद्रणाची अवजड सामग्री आणि दिवे घेऊन असे चित्रण करणे शक्य नव्हते, म्हणून लंडनच्या ब्लॅकहीथ भागातील स्टुडिओत डबा उभारला गेला आणि खऱ्याच टपाल कर्मचाऱ्यांना डुलत काम करायला सांगितले गेले. हे सांगताच प्रेक्षकांतून ‘म्हणजे फसवणूकच की’ असा सूर हमखास उमटतो. तो दाबू नये. उलट, जी माणसे रोज हेच काम करतात त्यांनी तेच काम दिव्यांपुढे पुन्हा करून दाखवले तर माहितीपटाच्या खरेपणाला नेमका कुठे धक्का लागतो, हा प्रश्न तिथल्या तिथे चर्चेला घ्यावा. माझे मत विचाराल तर धक्का लागत नाही, पण प्रेक्षकांना ते आधी सांगून बसू नये.

तिसऱ्या वेळी शेवटची पाच-सहा मिनिटे डोळे मिटून ऐकावीत. ध्वनीची बाजू अल्बेर्तो काव्हाल्कान्ती यांनी सांभाळली आणि संगीत बेंजामिन ब्रिटन यांचे आहे, जे तेव्हा अवघे बावीस वर्षांचे होते. गाडी स्कॉटलंडमधील बीटॉकचा चढ चढू लागते तेव्हा वाद्ये इंजिनाच्या धापा देतात आणि स्टुअर्ट लेग यांचा आवाज सपाट, दबल्या स्वरात ओळी म्हणू लागतो. माथा ओलांडून गाडी उताराला लागली की ओळी आखूड होतात, पत्रांचे प्रकार एकामागोमाग एक कोसळू लागतात आणि श्वास घ्यायला जागा उरत नाही. त्यानंतर गती उतरते आणि शेवटचा शांत भाग ब्रिटिश माहितीपट चळवळीचे अग्रणी जॉन ग्रिअरसन यांच्या आवाजात येतो. ऐकताना बोटाने ठेका धरला तर थैलीच्या प्रसंगात मोजलेले ठोके इथे छंद बनून परत आलेले कळतात. हे मात्र सुट्या क्लिपमध्ये कधीच कळत नाही. कवितेतल्या पोस्टल ऑर्डरच्या उल्लेखाशी तरुण प्रेक्षक अडखळले, तर माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपयांची जी ऑर्डर जोडतात तिची आठवण करून द्यावी. ऑडेन यांनी लिहिलेल्या बऱ्याच ओळी संकलनात गळाल्या. डोंगरांना कत्तल केलेल्या घोड्यांची उपमा देणारी एक ओळ तर केवळ यासाठी वगळली गेली की तिच्यासमोर टिकेल असे दृश्य कुणापाशी नव्हते. शब्द आणि चित्र यांच्यात कुणी कुणापुढे झुकायचे, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

माहितीपटात काय दिसत नाही तेही विचारावे. हा सरकारी टपाल खात्याच्या, म्हणजे जनरल पोस्ट ऑफिसच्या, १९३३ मध्ये उभ्या राहिलेल्या फिल्म युनिटने काढलेला माहितीपट आहे. एका अर्थी ती खात्याने स्वतःची केलेली जाहिरातच आहे. त्यामुळे रात्रपाळी आहे, पण रात्रपाळी करणाऱ्याचा पगार नाही, घर नाही, तक्रार नाही. कामगाराला पडद्यावर इतक्या आदराने आणणारा माहितीपट त्याच्या पोटापाण्याविषयी अवाक्षर काढत नाही, आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. आपल्याकडे १९४८ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट पाहिलेल्या पिढीला हे मौन चांगले परिचयाचे असेल, त्यामुळे अशा श्रोत्यांपुढे ही चर्चा रंगते.

श्रेयनामावलीवर घाईने पुढे जाऊ नये. माहितीपट हॅरी वॉट आणि बेसिल राइट या दोघांच्या नावावर आहे, आणि त्यावरून पुढे कुरबूर राहिली, कारण प्रत्यक्ष चित्रणाचा बराच भार वॉट यांनी उचलला होता. छायालेखक जोना जोन्स व चिक फाउल आणि संकलक आर. क्यू. मॅकनॉटन यांची नावे तर चर्चेत क्वचितच येतात. ती मुद्दाम मोठ्याने वाचावीत.

कार्यक्रम आखताना केवळ चोवीस मिनिटांसाठी लोकांना बोलावणे जिवावर येत असेल तर आधी १९३५ चा ‘कोल फेस’ लावावा. तो काव्हाल्कान्ती यांचा आहे, ऑडेन व ब्रिटन त्यातही आहेत, आणि खाणकामगारांचे आवाज, कोरस व यंत्रांचा नाद यांची मोडतोड त्यात अधिक धीटपणे, पण अधिक खडबडीतपणे केली आहे. तो बारा मिनिटांच्या आत संपतो. त्यानंतर दिवे न लावता, भाषण न करता लगेच ‘नाइट मेल’ सुरू करावा, आणि बोलायचे ते सगळे नंतर बोलावे.