कील गार्ड निवडताना आणि चिकटवताना या चुका टाळा

कील गार्ड म्हणजे बोटीच्या तळाच्या मधल्या कण्यावर, म्हणजे कीलवर, लावायची संरक्षक पट्टी. ती दोन महिन्यांत सुटून लोंबायला लागली की पट्टी बनवणाऱ्याच्या नावाने खडे फोडणं सोपं असतं. त्याआधी सुटलेली पट्टी उलटी करून पाहा. चिकट थर बहुतेक वेळा जागेवरच असतो आणि त्यावर मेणाचा चकाकता थर, तळाच्या रंगाचा पापुद्रा किंवा पांढरी भुकटी दिसते. म्हणजे गोंदाने धरून ठेवलं होतं. ज्याला धरलं तेच बोटीवरून निघून आलं. दोष पट्टीचा क्वचित असतो. बहुतेकदा तो मापाचा, जागेचा किंवा घाईचा निघतो.

गार्डकडून काय मागायचं हेही आधी ठरवा. रेती, गोटे, काँक्रीटचा उतार यांवर बोट रोज घासते, ती झीज पट्टीने स्वतःवर घ्यायची, एवढंच तिचं काम. फायबरच्या बोटीचा जेलकोट, म्हणजे बाहेरचा गुळगुळीत थर, साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो. कीलवर तो घासून गेला की खालचा काचतंतूंचा थर उघडा पडतो आणि पाणी आत मुरायला लागतं. ते गार्ड टाळतो. वेगात खडकावर चढलेली बोट मात्र कोणतीच पट्टी वाचवत नाही, मग पाकिटावर काहीही छापलेलं असो.

बोटीएवढी लांब पट्टी घेणं

‘जितकी लांब तितकं संरक्षण’ हा हिशेब इथे चुकतो. किनाऱ्याला लागताना बोट टेकते ती नाळेच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, खालच्या वळणावर आणि त्यामागच्या काही फुटांवर. साधारणपणे १७-१८ फुटी बोटीला ६ फुटांची पट्टी पुरते, २१-२२ फुटीला ८ फुटांची. पण तक्त्यावर विसंबू नका, टेप लावा, तोही कापडी, कारण कडक टेप वळणावर खोटं बोलतो. पाण्याच्या रेषेच्या वर वीतभर आणि नाळेच्या कडीच्या खाली सुरुवात धरा. तिथून कीलवरून मागे जात ओरखडे जिथे विरळ होतात तिथपर्यंत मोजा. ओरखडे तक्त्यापेक्षा प्रामाणिक असतात.

पट्टी थेट ट्रान्समपर्यंत, म्हणजे बोटीच्या मागच्या सपाट भिंतीपर्यंत, नेली की पुढची कहाणी ठरलेली. एका आउटबोर्ड (मागे बाहेरून बसवलेल्या) इंजिनची बोट, कीलवर मागपर्यंत नवी पट्टी. पहिल्याच फेरीत वेग घेतला की फिश फाइंडरचा (ध्वनिलहरींनी मासे आणि तळ दाखवणाऱ्या यंत्राचा) पडदा आंधळा होतो. मालक ट्रान्सड्यूसरचा (त्या लहरी सोडणाऱ्या, पाण्यातल्या भागाचा) कोन बदलतो, मग केबल बदलतो, शेवटी नवा ट्रान्सड्यूसर आणतो. तोवर वळणावर इंजिनच्या पंख्याची (प्रोपेलरची) पकड सुटायला लागते, आरपीएम एकदम उडी मारतात आणि आता पाळी पंख्याची येते. मूळ कारण काही मिलिमीटरचं असतं. पट्टीचं मागचं टोक ही एक छोटी पायरी आहे. वेगात तिच्यामागे पाणी फाटतं आणि हवा मिसळलेला बुडबुड्यांचा पट्टा मागे धावतो. इंजिन मधोमध असल्यामुळे तो पट्टा थेट पंख्यात शिरतो. ट्रान्सड्यूसर कीलजवळ असेल तर त्याच्या तोंडावरूनही जातो. गार्ड बसवण्याआधी सगळं ठीक चालत होतं का, हा एक प्रश्न आधी विचारला असता तर खर्च वाचला असता. उपाय म्हणजे धारदार पात्याने पट्टी मागून कापा, ट्रान्समच्या पुढे किमान मीटरभर कील मोकळी ठेवा आणि कापलेल्या टोकाला सीलंटचा उतार द्या.

फडकं मारलं की तळ स्वच्छ, असं समजणं

सगळ्यात जास्त पट्ट्या याच समजुतीने जातात. नव्या फायबर बोटीवर साच्यातून निघालेलं मेण असतं, जुनीवर पॉलिश, आणि पाण्यात राहणाऱ्या बोटीवर शेवाळ रोखणारा रंग. हा रंग हळूहळू झिजावा म्हणूनच बनवलेला असतो. त्यावर चिकटवलेली पट्टी रंगाबरोबर निघणारच. पट्टीखालचा रंग जेलकोटपर्यंत काढावा लागतो, दुसरा मार्ग नाही.

क्रमही महत्त्वाचा. आधी साबण-पाणी, मग मेण काढणारं द्रावण, मग ८० ते १२० नंबरचा पॉलिश पेपर. उलट केलंत तर पेपर मेणाला ओरखड्यांत भरतो आणि तिथून ते निघता निघत नाही. द्रावण पुसताना दोन फडकी ठेवा: एकाने ओलं लावायचं, ते उडायच्या आत दुसऱ्या कोरड्याने उचलायचं. एकाच फडक्याने गोल गोल फिरवणारा माणूस मेण काढत नाही, फक्त सारवतो. मग त्या जागेवर पाणी ओता. पाणी सलग पसरलं तर पुढे जा. थेंब होऊन पळालं तर मेण आहे, पुन्हा सुरुवात. पूर्ण वाळल्यावर शेवटचा हात आयसोप्रोपिल अल्कोहोलचा, आणि मग पट्टीसोबत आलेला प्रायमर, पातळ. त्यानंतर हाताचं बोट लावून पाहायचा मोह आवरा, त्याचं तेलही गोंद बिघडवायला पुरतं.

हवा थंड असेल तर काम पुढे ढकला. पट्टीच्या अॅक्रिलिक गोंदाला किमान १० अंश सेल्सियस लागतं, २० च्या वर उत्तम, आणि तळावर दव अजिबात नको. मास्किंग टेपने दोन्ही कडा आखून घ्या. मागचा कागद एकदम ओढू नका, हातभर सोलायचा, मधून कडांकडे दाबायचं, मग पुढचा. हाताचा दाब पुरत नाही, रबरी रोलर घ्या. हा गोंद दाबानेच धरतो: साध्या तापमानात २० मिनिटांत निम्मी ताकद, २४ तासांत सुमारे ९० टक्के, पूर्ण ताकद ७२ तासांनी. ‘संध्याकाळी लावली, सकाळी पाण्यात’ ही घाई ज्याला आवरत नाही त्याने पट्टी घेऊच नये.

बाकीच्या, थोडक्यात

फुटका जेलकोट पट्टीखाली झाकू नका. आत ओल असेल तर ती तिथेच राहते. आधी वाळवा, इपॉक्सी भरा, घासून सपाट करा, मगच पट्टी.

अॅल्युमिनियमवर पितळ किंवा तांब्याची पट्टी कधीच नको, खाऱ्या पाण्यात अॅल्युमिनियम खाऊन टाकते. स्टीलही नको.

अॅल्युमिनियम बोटीची कील अरुंद आणि उभी असेल किंवा वर रिव्हेटची डोकी असतील, तर रुंद चिकट पट्टी बसतच नाही.

एचडीपीईची (कडक प्लॅस्टिकची) पट्टी साध्या गोंदाने चिकटत नाही, स्क्रूच लागतात. ती उन्हात फुगते: ३ मीटर पट्टी ३० अंशांच्या फरकाने सेंटिमीटरभर लांबते. म्हणून एक टोक पक्कं, बाकी भोकं लांबट ठेवा. नुसती गोल भोकं पाडली की पट्टी मधोमध उचलते. पाण्याच्या रेषेखालचं प्रत्येक भोक सीलंटने भरा.

कडांना सिलिकॉन लावू नका. पुढे त्या जागी ना रंग धरतो ना गोंद. समुद्री पॉलियुरेथेन सीलंट वापरा, दोन्ही टोकांना हमखास.

नुसत्या जॅकवर उचललेल्या बोटीखाली झोपून काम करू नका, दोन्ही बाजूंना टेकू हवेतच.

कड सुटायला लागली तर

दोन-चार बोटांएवढी कड उचलली असेल तर गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळू द्या, दोन्ही पृष्ठभाग अल्कोहोलने पुसा, पॉलियुरेथेन भरून टेपने दाबून ठेवा. पाकिटावर लिहिलेले दिवस भरू द्या. बाहेरून कोरडं दिसलं तरी आत कच्चं असतं. पुढचं टोक वीतभर सुटलं असेल तर डागडुजी व्यर्थ, कारण पाणी आत शिरून उरलेलीही सोलत नेतं. पूर्ण पट्टी काढा: हीट गनने कोमट होईपर्यंत तापवा आणि मागून जाड तंगूस (मासेमारीची नायलॉनची दोरी) करवतीसारखी ओढत न्या. पटाशी घातलीत तर जेलकोट जाईल. काढलेली पट्टी परत वापरू नका, ती ताणलेली असते आणि वळणावर सरळ व्हायला बघते.